रिकाम्या डिकीचं ॲव्हरेज

आमच्या सोलापुरात कुणी नवी गाडी घेतली की लोक पेढे नंतर मागतात, आधी ॲव्हरेज विचारतात. रंग कुठला, एसी थंड करतो का, गाणी वाजतात का, ते सगळं मागाहून. "किती देते?" एवढंच विचारायचं. आपण आकडा सांगायचा, तो ऐकून समोरच्यानं तोंड वाकडं करायचं आणि "माझ्या मेव्हण्याची बावीस देते" म्हणून चालू लागायचं. मेव्हणा कुठं राहतो, त्याच्याकडं गाडी तरी आहे का, हे कुणी विचारत नाही. माझा नवरा तर ॲव्हरेजचा भक्तच. देवाला हात जोडताना त्याचे डोळे मिटलेले असतात, पण पेट्रोल पंपाच्या मीटरसमोर तो पापणी लवू देत नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि नवरा चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. इतकी वर्षं मोटारसायकलवर निभावलं, पण मुलगी बारावी होऊन हॉस्टेलला गेली, घर रिकामं झालं आणि त्याला चारचाकीचे वेध लागले. मग जे काही सुरू झालं, बाई गं! मला बघायला आला होता तेव्हा यानं दोन प्रश्न विचारले होते, त्यातला एक स्वयंपाकाचा. गाडीसाठी मात्र चार महिने चौकशी. सात रस्त्याच्या सिग्नलला हा शेजारच्या गाडीची काच वाजवायचा. आतला माणूस काच खाली करेपर्यंत सिग्नल सुटायचा आणि मागचे लोक हॉर्न मारून आमच्या खानदानाचा उद्धार करायचे. एका गृहस्थांना वाटलं, हा मंडळाची वर्गणी मागतोय. त्यांनी उघडी होती तीही काच लावून घेतली.

मोठी गाडी नको, जड असते. डिझेलची नको, आपलं जाणं-येणं तेवढं नाही, जादाचे पैसे फिटायचे नाहीत. जुनी नको, आधीच्या मालकानं इंजिनाचं काय केलं असेल कुणास ठाऊक. असं एकेक बाद करत शेवटी एक छोटी, हलकी गाडी उरली, आणि त्यातही त्याचं मन बसलं सीएनजीच्या गाडीवर. शोरूममधल्या बाईनं कौतुकानं डिकी उघडून दाखवली. बघते तर आत डिकीच नाही! भलंमोठं सिलिंडर आडवं पसरलेलं, बाजूला कशीबशी एक पिशवी मावेल एवढी फट.

"सामान कुठं ठेवायचं?" मी विचारलं.

"मागच्या सीटवर ठेवायचं मॅडम. आजकाल कुणी एवढं सामान नेत नाही."

"आम्ही नेतो," मी म्हटलं. "ही नको."

नवऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. "अगं, पण ॲव्हरेज बघ की!"

"ॲव्हरेज तुमच्याजवळ ठेवा. मला डिकी पाहिजे."

त्या बाईला वाटलं असेल, काय विचित्र बाई आहे. तिला काय सांगणार? माझं माहेर श्रीपूरजवळ. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ऊस तिथल्या कारखान्याला जातो. आई होती तोवर मी सासरी निघाले की ती मला पाटावर बसवून माझी ओटी भरायची. तांदूळ, नारळ, खण, हळदीकुंकू. आबा तेव्हा बाहेरून "एष्टी जाईल, आटपा की" म्हणून ओरडत असायचे. मग आई गेली. त्यानंतर मी पहिल्यांदा निघाले तेव्हा घरात ओटी भरायला कुणी नव्हतं. आबा दारात आले, माझ्याकडं बघितलं, धोतराचा सोगा उगाच नीट केला. ओटी बायकांनी भरायची असते, त्यांना ती भरता येत नव्हती. ते आत गेले, खांद्यावर ज्वारीचं पोतं टाकून बाहेर आले आणि ते घेऊन माझ्यापुढं स्टँडवर गेले. कंडक्टर नको नको म्हणत होता, त्याच्याशी भांडून त्यांनी ते पोतं माझ्या पायाशी ठेवलं. लेक रिकामी जाता कामा नये, एवढंच त्यांना कळत होतं. तेव्हापासून तीच माझी ओटी.

तर पेट्रोलची गाडी आली, डिकीसकट. माझ्या हट्टापायी आली म्हणून नवऱ्यानं तिचं ॲव्हरेज वाढवायचा विडाच उचलला. पंपावर काठोकाठ टाकी भरायची, गाडी चालवायची, परत त्याच पंपावर, त्याच मशीनवर काठोकाठ भरायची आणि किलोमीटरला लिटरनं भागायचं. आलेला आकडा तो मला फोन करून सांगायचा. मी वर्गात असायचे. एकदा पोरांनी विचारलं, "बाई, कुणाचे मार्क?"

रविवारी उन्हं वर यायच्या आत टायरात हवा. टायर गार असताना मोजली तरच खरी कळते, हे त्याचं बरोबरच होतं. पण कंपनीनं दारावर आकडा चिकटवलाय, त्याच्याहून हा दोन पॉईंट जास्त भरायचा. टायर कडक असलं की गाडी सुळकन पळते म्हणे. पळते खरी, पण प्रत्येक गचका माझ्या कमरेत येतो, त्याचं काय? एअर फिल्टर तर दर पंधरवड्याला काढून कंपाउंडच्या भिंतीवर आपटायचा. पलीकडच्या वहिनींची धुतलेले कपडे वाळत असायचे. त्यांनी एकदा जे ऐकवलं ते मी इथं लिहू शकत नाही.

आणि एसी! मे महिन्यात सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको. दाराचा दांडा धरला तरी हात भाजतो. त्यात हा म्हणायचा, "एसीनं ॲव्हरेज पडतं, काच उघड की." मी म्हटलं, "मी पडले तर चालेल का?" पुढं कुठूनतरी त्याला कळलं की हायवेला वेगात असताना काचा उघड्या ठेवल्या तर वारा आत भरून गाडी जास्तच पिते, तिथं एसी परवडतो. हे ज्याला कुणाला सुचलं त्याचं देव भलं करो. तेव्हापासून गावात घाम आणि हायवेला गारवा, असा तह झाला. उतारावर न्यूट्रल करायची खोड मात्र मी पहिल्याच दिवशी मोडली. तिथं मी ऐकत नाही, जीव काय डबल मिळतो का?

पुढं त्यानं गाडी हलकी करायला घेतली. सीटवर मी हौसेनं आपली सोलापुरी चादर घातली होती, ती निघाली. माझी छत्री, पाण्याचा कॅन, पूजेच्या वेळचा पाट, सगळं बाहेर. "एक किलोनं काय होतं हो?" म्हटलं तर म्हणायचा, "थेंबे थेंबे तळे साचे." गणपती तेवढा राहिला, प्लास्टिकचा होता म्हणून. ऊस चालू असताना श्रीपूरला जायचं म्हणजे रस्त्यात उसाच्या जोडट्रॉल्या. सगळे ड्रायव्हर वैतागून ओव्हरटेक करतात, आमचा माणूस मात्र ट्रॉलीमागं चाळीसच्या वेगानं निवांत. न दाबता, न थांबता, एकसारखी गाडी चालली की याच्या तोंडावर समाधान. चेष्टा बाजूला ठेवून खरं सांगते, आमच्या गाडीचं ॲव्हरेज चांगलं होतंच. शिव्या देतच मीही शाळेतल्या बाईंना तो आकडा सांगत होते.

माहेरहून परत येताना मात्र आकडा घसरायचा. कारण उघड होतं. निघायच्या वेळी आबा डिकी भरायचे. ज्वारी, गुळाची ढेप, कांदे, भुईमुगाच्या शेंगा, एखादा भोपळा. गाडीचा मागचा भाग खाली बसायचा आणि नवऱ्याचं तोंडही. दोन वर्षं त्यानं गिळलं. मग गेल्या दिवाळीला मी आत पदर नीट करत होते तेव्हा बाहेर अंगणात त्यानं आबांसमोर विषय काढला; काय बोलणं झालं ते त्यानंच मला वाटेत सांगितलं.

"मामा, रागावू नका. पण एवढं वजन टाकलं की गाडी ॲव्हरेज देत नाही."

आबा पोतं धरून उभे होते. "वजनानं?"

"व्हय की. बैल कसा, गाडी जड असली की दमतो. तसंच इंजिनाचं."

आबांना बैल लगेच कळला. त्यांनी डिकीत वाकून बघितलं, खालचं आवरण उचललं. "मग ह्ये जादाचं चाक कशाला घिऊन फिरताय? ह्येचं वजन न्हाय व्हय?"

नवरा हसला. "ती स्टेपनी. असू द्यावी लागते. तशी आपल्याला कधीच लागत नाही म्हणा."

आबांनी मान हलवली. पोतं उचलून परत ओसरीवर ठेवलं, मागोमाग ढेपही नेली. मी बाहेर आले तेव्हा डिकी लावलेली होती. "चला, ऊन व्हईल," म्हणाले आणि माझ्याकडं न बघता गोठ्याकडं गेले. लग्नानंतर पहिल्यांदा मी माहेरहून रिकामी निघाले.

त्या खेपेला गाडीनं आजवरचं सगळ्यात भारी ॲव्हरेज दिलं. सोलापुरात पंपावर आकडा बघून नवऱ्यानं टाळी वाजवली. मी रडत होते. "काय झालं गं?" म्हणतो! मग मी जे बोलले ते सगळं पंपावरच्या लोकांनी ऐकलं. मी म्हटलं, "तुमच्या इंजिनाला वजन होतं ते कळलं, माझ्या बापाच्या हाताला काय होतं ते कळलं नाही? आई गेल्यावर तेवढं एकच राहिलं होतं त्यांना माझ्यासाठी करायला." तो म्हणाला, "मी कुठं नको म्हटलं? जरा कमी म्हटलं." मोजूनमापून बोलणाऱ्या माणसांचा मला या एका गोष्टीसाठी राग येतो. समोरच्याला जरा कमी ऐकू येत नाही, नकोच ऐकू येतं.

त्यानंतर आबांचे फोन बदलले. पाऊसपाणी, जनावरं, तब्येत, संपलं. पूर्वी "कदी येतीस?" विचारायचे, ते बंद. मधे एकदा जाऊन आलो तर निघताना ते बाजेवरून उठलेसुद्धा नाहीत, तिथूनच हात केला. मी "आबा, थोडी ज्वारी द्या की" म्हणाले, तर म्हणाले, "नगं, गाडीला तरास." राग नव्हता हो त्यात. राग असता तर मी भांडले असते. आपलं देणं पोरीला अडचणीचं झालंय, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. माझा बाप असाच एकेक पाऊल मागं सरकत जाईल आणि एक दिवस मी माहेरची पाहुणी होऊन बसेन, अशी मला धास्ती वाटायची. नवऱ्यालाही ते खुपत होतं, मला दिसत होतं. पण काय बोलून ते परत जागेवर आणायचं हे त्याला सुचत नव्हतं, आणि मला सुचत होतं ते बोलण्यासारखं नव्हतं.

संक्रांतीच्या सुट्टीत परत गेलो. या वेळी आबा एकदम वेगळे. गालातल्या गालात हसतायत, चहात साखर जास्त टाकायला सांगतायत. जेवण झाल्यावर नवऱ्याला म्हणाले, "पाव्हणं, जावा जरा दोघं, तोड चालू हाय, रानात चक्कर मारून या. किल्ली ठिवा हितं, गाडी सावलीला लावतो." आबा ट्रॅक्टर चालवतात, गाडी हलवणं त्यांना काही अवघड नाही. आम्ही रानातून आलो तर गाडी लिंबाखाली, डिकी बंद, आणि आबा डिकीला टेकून उभे.

नवऱ्याच्या लगेच लक्षात आलं. "मामा, काही टाकलंय का?"

"टाकलंय की. पर वजन गुंजभर वाडलं न्हाय. घरी जाऊनशान बगा." आणि जोरात हसले. आई गेल्यापासून ते असे हसलेले मला आठवत नव्हते. नवरा तोंड उघडणार तेवढ्यात मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं मुकाट्यानं गाडी सुरू केली. आबा गाडीमागं बांधापर्यंत चालत आले.

सगळ्या रस्त्यानं याचं एकच. "मागनं जड वाटतीय का गं?" "नाही हो." "वाढलं नाही म्हणजे काय? टाकलंय तर वाढणारच की." "बघा पुढं."

हायवे लागतो ती टेंभुर्णी चार-पाच किलोमीटर राहिली होती. समोरच्या ट्रॉलीतून ऊस खाली पडला, तो चुकवायला नवऱ्यानं गाडी कडेला घेतली आणि पुढचं चाक डांबराच्या तुटक्या कडेवर आदळलं. फाडकन आवाज झाला. उतरून बघतो तर टायर बाजूनं हातभर फाटलेलं. साधं पंक्चर असतं तर हवा मारून कसंबसं गेलो असतो. हे गेलंच होतं. जादा हवेनं ते तट्ट फुगलेलं होतं, हे मी बोलले नाही. त्याचं त्याला कळलं होतं, मान खाली घालून तो टायराकडं बघत राहिला.

"असू दे, स्टेपनी आहे," म्हणत त्यानं डिकी उघडली. आत ज्वारीची छोटी पिशवी. ती बाजूला केली, आवरण उचललं. चाकाची जागा होती, चाक नव्हतं. तिथं धडप्यात बांधलेली गुळाची ढेप नीट बसवली होती. जॅक आणि पाना असायचा तिथं शेंगा. आणि सगळ्याच्या वर, हलू नये म्हणून कोपऱ्यात दाबून, रुमालात बांधलेले तांदूळ, एक नारळ आणि एक खण. हळदीकुंकवाची पुडीसुद्धा होती, वर्तमानपत्राच्या कागदात. गावातल्या कुठल्या बाईला विचारून आणलं असेल त्यांनी हे? की आई भरताना बाहेरून ओरडत होते तेव्हा सगळं बघत होते?

मी तो रुमाल हातात घेतला आणि रस्त्याच्या कडेला बसून मोठ्यानं रडले. लाज कसली वाटायची? नवरा त्या रिकाम्या जागेकडं बघत उभा होता. आता हा भडकणार, मला वाटलं. भडकला तर चूक तरी कशी म्हणू? भर हायवेच्या वाटेवर, उन्हात, स्टेपनी नाही, जॅक नाही. एक टेम्पोवाला थांबला, टेंभुर्णीतून टायरवाल्याला पाठवतो म्हणाला आणि गेला. उन्हं कलली तरी टायरवाल्याचा पत्ता नव्हता, आम्ही दोघं गाडीच्या सावलीला बसून राहिलो.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आबा. मी उचलायच्या आत नवऱ्यानं तो माझ्या हातातून घेतला. आता हा एक शब्द वाकडा बोलला तर आबा परत कधीच डिकीला हात लावणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्याचा शर्ट धरला. त्यानं स्पीकर लावला.

"पाव्हणं, पोचला का?"

त्यानं फाटक्या टायराकडं बघितलं. "पोचलो की, मामा."

"मग बगितलं का डिकीत? त्ये जादाचं चाक आन त्येची हत्यारं काडून गोठ्यात ठिवल्यात. काट्यावर तोललं आन तेवड्याच वजनाचं भरलं. नारळ बी तोलला. तुमीच म्हनला न्हवता का, त्ये कदी लागतच न्हाय म्हून?"

"व्हय, मीच म्हटलं होतं."

"मग? ॲव्हरेज किती पडलं?"

या माणसानं आजवर ॲव्हरेज कधी वाढवून सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही, साहेबाला नाही. मेव्हण्याची बावीस देते म्हणणाऱ्यांसमोरही यानं खरा आकडाच सांगितला आणि मान खाली घातली.

"चोवीस, मामा. एवढं कधीच पडलं नव्हतं."

मग आबा म्हणाले, "लई झ्याक झालं. मला वाटलं व्हतं, आता पोरीला द्याचं बी ऱ्हायलं." ते खाकरले. "बरं, त्ये चाक जपून ठिवलंय. फुडल्या खेपंला घिऊन जावा."

नवऱ्यानं माझ्या मांडीवरच्या रुमालाकडं बघितलं, मग रस्त्याकडं.

"नको, मामा," तो म्हणाला. "ते तिथंच राहू द्या."